फॉरमॅट मारण्यापूर्वीं

संगणक बिघडला म्हणजे आमच्या तालुक्यांत त्यावर एकच औषध सांगितलें जातें: फॉरमॅट मारा. यंत्र मंद चालूं लागलें, फॉरमॅट मारा. प्रिंटर कागद ओढीना, फॉरमॅट मारा. पडद्यावर न समजणारें एखादें इंग्रजी वाक्य उमटलें, तरी फॉरमॅटच मारा. झेरॉक्सच्या दुकानांत हा उपाय चालतो, पतपेढीच्या कचेरींत चालतो, घरोघरीं चालतो, आणि सांगावयास खेद होतो, शाळांतूनहि चालतो. फॉरमॅट मारणें म्हणजे यंत्राच्या डिस्कवरील सर्व लेखन पुसून टाकून त्याची कार्यप्रणाली पुन्हां नव्यानें बसविणें. पंचवीस किलोमीटरांवरून, नाशिकहून, कारागीर येतो, तासाभरांत यंत्र कोरें करून जातो, आणि त्या यंत्रावर मुलांनीं वर्षभर केलेले तक्ते, चित्रें, निबंध व विज्ञान-प्रदर्शनाचीं टिपणें हीं सर्व त्या तासाभरांत नाहींशीं होतात. काय बिघडलें होतें असें विचारलें तर त्यालाहि सांगतां येत नाहीं. कारण पुसण्यापूर्वीं त्यानें तें वाचलेलें नसतें.

आमचें मत असें आहे कीं, लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाच्या बाबतींत तरी हा उपाय बहुतेक प्रसंगीं अनावश्यक असतो, आणि विद्यार्थ्यांच्या शिक्षणाच्या दृष्टीनें तर तो सर्वस्वी हानिकारक असतो. तें मत सकारण मांडावें, आणि पालकवर्गापुढें व शाळाचालकांपुढें एक मागणी ठेवावी, एवढ्याकरितां हा लेख.

दिंडोरीच्या मुलांस ही गोष्ट समजण्यास दूर जावें लागणार नाहीं. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर हवा पावसाळी झाली आणि द्राक्षाच्या पानांवर तेलकट पिवळे डाग दिसूं लागले, म्हणजे घरचा कर्ता माणूस काय करितो? तो पान उलटून पाहतो. खालच्या अंगास पांढरी बुरशी असली तर ती डावणी. वरच्या अंगावर पीठ भुरभुरल्यासारखें दिसलें तर ती भुरी. दोहोंचीं औषधें निराळीं. भुरीला लागू पडणारें गंधक डावणीवर कामाचें नाहीं. पान उलटून न पाहतां जो सगळी बाग उपटून नवीं रोपें लावूं लागेल त्यास गांवांत कोणी शहाणा म्हणणार नाहीं. संगणकाच्या बाबतींत मात्र हेंच शहाणपण मानलें जातें.

आतां लिनक्सविषयीं. तें आमच्या भागांतील शाळांत व घरांत येऊं लागलें आहे त्यास एक व्यावहारिक कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० ची नियमित देखभाल थांबविली, आणि दहा वर्षांपूर्वीं घेतलेलीं अनेक यंत्रें विंडोज ११ च्या अटींत बसत नाहींत. तीं भंगारांत घालावयाचीं नसतील तर लिनक्स हा सरळ मार्ग आहे. त्याचा गाभा १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें लिहावयास आरंभ केला. त्यापूर्वीं १९८३ पासून अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं मोकळीं साधनें निर्माण करण्याचा जो उद्योग मांडला होता त्याची त्यास जोड मिळाली. लिनक्सला पैसे पडत नाहींत, हा गुण पालकांस लगेच पटतो. पण आमच्या मतें त्याचा मोठा गुण दुसराच आहे. कांहीं बिघडलें तर लिनक्स बहुधा तें बोलून दाखवितें, आणि जें बोललें तें आपल्या रोजनिशींत लिहूनहि ठेवितें. अडचण इतकीच कीं, तें इंग्रजींत बोलतें आणि आपण तें वाचीत नाहीं.

पुढील विवेचनासाठीं दोन-तीन शब्द ठाऊक असले पाहिजेत. लिनक्सवरील प्रत्येक प्रोग्राम एका गांठोड्यांत बांधून येतो. त्यास पॅकेज म्हणतात. हीं पॅकेजें त्या त्या लिनक्सच्या चालकांनीं राखलेल्या एका मोठ्या कोठारांत असतात. १९९३ सालीं सुरू झालेल्या डेबियनच्या कोठारांत आज ६०,००० हून अधिक पॅकेजें आहेत, आणि शाळांतून नेहमीं आढळणारें उबुंटू हें २००४ पासून याच डेबियनच्या पायावर उभें आहे. कोठारांतून माल आणविणें, बसविणें व काढणें हें काम 'आप्ट' नांवाचा कारभारी पाहतो. गांठोडें प्रत्यक्ष सोडून मांडणारा त्याच्या हाताखालचा गडी म्हणजे 'डीपीकेजी'. पुरणपोळी करावयाची तर घरांत नुसती कणीक असून भागत नाहीं, डाळ व गूळ आधीं हवा. तसेंच एक पॅकेज दुसऱ्या कित्येकांवर अवलंबून असतें, आणि ती सगळी यादी आप्ट स्वतः जुळवितो. (आज्ञा संगणकावर रोमन लिपींत टंकाव्या लागतात, येथें आम्ही त्या उच्चाराप्रमाणें नागरींत दिल्या आहेत.) मुलें 'आप्ट अपडेट' आणि 'आप्ट अपग्रेड' यांत घोटाळा करितात. पहिली आज्ञा वाण्याकडून आजची यादी मागविते. माल आणते ती दुसरी. यादी जुनी असली तर त्या यादीप्रमाणें मागितलेला माल कोठारांत नसतो, आणि ४०४ हा अंक पडद्यावर येतो. कोठार नाहींसें झालेलें नसतें. केवळ यादी शिळी असते.

दिंडोरींत बिघाडाचें पहिलें कारण वीज. पॅकेजें बसत असतां मध्येंच दिवे गेले, म्हणजे डीपीकेजीचें गांठोडें अर्धें सुटलेलें राहतें. वीज आल्यावर दुसरें कांहीं बसवूं गेल्यास यंत्र नकार देतें आणि पडद्यावर एक ओळ येते. तिचा अर्थ असा: डीपीकेजीचें काम मध्येंच तुटलें आहे, दुरुस्तीसाठीं 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' ही आज्ञा तुम्हीं स्वतः चालवावी. वाचकांनीं लक्ष द्यावें कीं, येथें रोग आणि औषध हीं दोन्ही एकाच ओळींत लिहिलेलीं आहेत. ती आज्ञा चालविली म्हणजे अर्धवट राहिलेलीं पॅकेजें एकामागून एक मांडलीं जातात. त्यांतील कांहींस लागणारीं दुसरीं पॅकेजें आलींच नसतील, तर 'आप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' ही आज्ञा उरलेला माल कोठारांतून आणविते. बहुधा एवढ्यानें काम भागतें. अशा यंत्राचें फॉरमॅट करणें म्हणजे पोळी लाटतां लाटतां दिवा गेला म्हणून चूल मोडून नवी घालणें होय.

दुसरा प्रकार याहून सोपा आहे, पण त्यांत उतावळेपणा नडतो. कांहीं बसवूं गेलें असतां आप्ट म्हणतो, कुलूप मिळालें नाहीं. तें अमक्या क्रमांकाच्या कामाकडे आहे. आणि कंसांत त्या कामाचें नांवहि देतो. बहुधा तें नांव यंत्र सुरू झाल्यावर आपण होऊन सुरक्षेच्या दुरुस्त्या आणणाऱ्या प्रोग्रामाचें असतें. तलाठ्याच्या एकाच वहींत दोन कारकून एका वेळीं लिहूं लागले तर नोंदींची जी गति होईल ती होऊं नये म्हणून हें कुलूप आहे. यावर उपाय म्हणजे थांबणें. पांच मिनिटें, दहा मिनिटें, इंटरनेट मंद असेल तर अर्धा तास. परंतु मोबाइलवर शोधलें असतां हमखास सल्ला मिळतो कीं, ती कुलपाची फाइलच पुसून टाका. फाइल पुसली तरी आंतला कारकून लिहीतच असतो, आणि मग दुसरा येऊन त्याच पानावर लिहूं लागतो. ज्या यंत्रांत कांहींच बिघाड नव्हता त्यांत खरा बिघाड येथून सुरू होतो.

तिसरा प्रकार आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटतो, म्हणून त्यावर थोडें अधिक लिहितों. उन्हाळ्याची सुटी संपून जून महिन्यांत शाळा उघडते. दीड महिना यंत्रें बंद असतात. सुरू केल्यावर यंत्र चालतें. परंतु 'आप्ट अपडेट' केल्यास कोठाराची यादी स्वीकारली जात नाहीं, आणि ब्राउझरहि कित्येक संकेतस्थळें उघडीत नाहीं, जोडणी सुरक्षित नाहीं असें म्हणतो. कोणीहि म्हणेल, इंटरनेट बिघडलें. मग राउटर बदला, तार बदला, आणि शेवटीं ठरलेला उपाय आहेच. पण आप्टची ओळ नीट वाचली तर तींत लिहिलेलें असतें कीं, ही यादी अद्याप वैध झालेली नाहीं; आणखी इतके दिवस, इतके तास ती अवैध राहील. आज सकाळीं तयार झालेली यादी चाळीस दिवसांनीं वैध होणार, याचा अर्थ काय? यादी पुढें गेलेली नाहीं, आपण मागें आहों. यंत्राचें घड्याळ मागें पडलें आहे, आणि किती मागें पडलें आहे तें देखील त्या ओळीनें सांगितलें आहे.

संगणकाच्या मुख्य पाटीवर रुपयाच्या नाण्याएवढी एक गोल बॅटरी असते. तिचें नांव सीआर २०३२. या अंकांतच तिचें माप आहे, व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. यंत्र बंद असतां घड्याळ चालतें ठेवणें हें तिचें काम. ती दमली कीं घड्याळ थांबतें. इंटरनेटवरून वेळ जुळवून घेण्याची सोय लिनक्समध्यें आहे. पण जेथें ती वाट अडविलेली असते तेथें चूक तशीच राहते. घड्याळ मागें असल्यामुळें नुकतींच दिलेलीं प्रमाणपत्रें यंत्रास अजून न दिलेलीं वाटतात, म्हणून ब्राउझरहि अडून बसतो. म्हणजे तक्रार कोठाराची व ब्राउझरची, आणि दुखणें घड्याळाच्या दुकानांत मिळणाऱ्या एका लहानशा बॅटरींत! 'डेट' ही आज्ञा टंकून तारीख पाहिली असती तर एका क्षणांत उलगडा झाला असता. फॉरमॅट मारल्यानें येथें काय होतें तेंहि पाहण्यासारखें आहे. नवी प्रणाली बसवितांना कारागीर घड्याळ जुळवितो, म्हणून यंत्र त्या दिवशीं चालतें, आणि उपाय लागू पडला अशी सर्वांची खात्री होते. बॅटरी तीच राहते. दिवाळीच्या सुटीनंतर पुन्हां तेंच रडगाणें, पुन्हां तोच कारागीर, आणि पुन्हां मुलांचें लेखन पुसलेलें.

डिस्क भरणें या चौथ्या प्रकाराविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. यंत्र 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' म्हणतें, म्हणजे जागा उरली नाहीं. 'डीएफ -एच' या आज्ञेनें कोठें किती जागा आहे तें दिसतें. कधीं मुलांनीं उतरविलेले चित्रपट कारणीभूत असतात, आणि तेव्हां कोणी पुढें होऊन सांगत नाहीं. पण कधीं बूटच्या लहान विभागांत लिनक्सच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्या सांठून राहिलेल्या असतात. 'आप्ट ऑटोरिमूव्ह' त्या काढून टाकतो. शेवटची थोडी जागा व्यवस्थापकासाठीं राखून ठेवण्याची रीत लिनक्सच्या नेहमींच्या फाइल-व्यवस्थेंत आहे, म्हणून घर भरलें तरी झाडूवाल्यास आंत शिरतां येतें.

यादीवर तारखेप्रमाणें मोहोरहि असते. मराठेशाहींतील कागदांच्या माथ्यावर शिक्का व शेवटीं मोर्तब असे, तें अशाकरितां कीं कागद खरा ठरावा आणि शेवटच्या ओळीखालीं मागाहून कोणी कांहीं घुसडूं नये. कोठाराच्या यादीवरील अंकीय सहीचें काम तेंच. ती सही ओळखण्याची किल्ली यंत्राजवळ नसली तर आप्ट 'नो पबकी' असें म्हणून थांबतो. अशा वेळीं सही तपासणेंच बंद करण्याची युक्ति कोणीतरी सुचवितो. ती घेऊं नये. किल्ली त्या पॅकेजच्या मूळ चालकांकडूनच आणावी, आणि ते कोण हें कळत नसेल तर तें पॅकेज न बसविलेलें बरें.

सही खरी असूनहि माल खोटा निघूं शकतो, हें २०२४ सालीं जगानें पाहिलें. फाइली दाबून लहान करणाऱ्या 'एक्सझेड' या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसविलेला होता. आणि बसविणारा कोणी परका नसून त्याच कामांत दीर्घकाळ मदत करून विश्वास संपादन केलेला एक इसम होता. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरच्या यंत्रांत प्रवेश करतांना नेहमींपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें आढळलें. अर्धा सेकंद! आमच्यापैकीं कितीजणांच्या तो लक्षांत आला असता? त्यांनीं कारण शोधीत शोधीत मूळ गांठलें आणि २९ मार्च २०२४ रोजीं तें जाहीर केलें. डेबियन व फेडोरा यांच्या चांचणीच्या आवृत्त्यांपर्यंत पोंचलेला तो माल जगभरच्या नित्याच्या यंत्रांत शिरण्यापूर्वीं मागें घेतां आला. यंत्र मंद झालें म्हणून त्यांनीं फॉरमॅट मारलें असतें, तर ती गोष्ट आणखी किती दिवस झांकली राहिली असती कोण जाणे.

न वाचण्याचा अनुभवहि मोठ्या माणसांस आलेला आहे. २०२१ च्या नोव्हेंबरांत लिनस सेबॅस्टियन या कॅनडांतील प्रसिद्ध चित्रफीतकारानें (टॉरव्हाल्ड्स यांचा व याचा नांवापुरताच संबंध) पॉप ओएस या लिनक्सवर खेळांसाठीं लागणारें एक पॅकेज बसविण्याचा प्रयत्न केला. पॅकेजांच्या घोटाळ्यामुळें आप्टनें सांगितलें कीं, हें बसवावयाचें तर यंत्राच्या पडद्याची सगळी मांडणीच काढून टाकावी लागेल. यांत धोका आहे. तरीहि करावयाचें असेल तर 'येस, डू ॲज आय से', म्हणजे 'होय, मी सांगतों तसेंच कर', हें वाक्य अक्षरशः टंकावें. त्यानें टंकलें. कारभाऱ्यानें सांगितल्याप्रमाणें केलें, आणि पडद्यावर काळ्या पाटीवाचून कांहीं उरलें नाहीं. मूळ चूक पॅकेज बांधणाऱ्यांची होती हें खरें, आणि पुढें आप्टच्या चालकांनींहि अशी संमति देणें अधिक कठीण केलें. तथापि आमचे विद्यार्थी 'वाय' हें अक्षर ज्या वेगानें दाबतात तो पाहतां हा प्रसंग त्यांस सांगून ठेवणें अवश्य वाटतें. 'पुढील पॅकेजें काढलीं जातील' अशा अर्थाचें शीर्षक दिसलें कीं त्याखालची यादी बोट ठेवून वाचावी.

हल्लीं आज्ञा मिळविणें फारच सोपें झालें आहे. मोबाइलवर प्रश्न बोलला कीं कृत्रिम बुद्धिमत्ता पांच आज्ञा हातावर ठेविते. त्यांतील पुष्कळ बरोबरहि असतात. परंतु 'सुडो' हा शब्द आज्ञेच्या आरंभीं लावणें म्हणजे घरमालकाची किल्ली देणें आहे, आणि अनोळखी माणसास किल्ली देतांना निदान तो कोणत्या खोलींत जाणार एवढें तरी आपण विचारतों. 'मॅन' या आज्ञेपुढें दुसऱ्या कोणत्याहि आज्ञेचें नांव टंकलें तर ती काय करिते याची माहिती यंत्रांतच वाचावयास मिळते. त्यास इंटरनेटहि लागत नाहीं.

येथें मराठी माध्यमाच्या पालकांचा आक्षेप येतो, आणि तो आम्हांस वजनदार वाटतो. संदेश इंग्रजींत असतात. मूल तें वाचणार कसें? यावर आमचें उत्तर असें कीं, हें इंग्रजी कादंबरीचें इंग्रजी नव्हे. लॉक, ब्रोकन, हेल्ड, डिपेंड्स, रिमूव्हड, पर्मिशन डिनाइड, नॉट फाउंड, नो स्पेस. असे वीस-पंचवीस शब्द आले म्हणजे नेहमींच्या बिघाडांपैकीं पुष्कळ वाचतां येतात. आठवीच्या मुलास हें एका महिन्याचें काम आहे. लिनक्सच्या पडद्याची भाषा मराठी करण्याची सोय आहे, आणि खालच्या वर्गांसाठीं ती अवश्य वापरावी. मराठी अक्षरांच्या जागीं चौकोन दिसूं लागले तर तोहि बिघाड नसून 'लोहित' यांसारख्या नागरी टंकांचें पॅकेज बसविलेलें नाहीं इतकाच त्याचा अर्थ बहुधा असतो. वरच्या वर्गांनीं मात्र बिघाडाची ओळ मूळ इंग्रजींतच पाहावी असें आमचें मत आहे, कारण त्याच शब्दांनीं तिचा शोध घेतां येतो. मुंबईच्या आय. आय. टी.च्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमानें लिनक्सवरील लहान लहान पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य दिलेले आहेत. ते शिक्षकांनीं आधीं पाहावे. कारण या बाबतींत मुलें फारशीं मागें नाहींत.

दुसरा आक्षेप असा कीं, एवढ्या किंमतीचें यंत्र मुलांच्या हातीं द्यावें कसें? बहुतेक शाळांतून संगणकाची खोली याच भीतीनें कुलुपांत असते, आणि ती उघडते तेव्हां मुलानें ठरलेल्या चौकटींत ठरलेलें बटन दाबून उठावयाचें असतें. पण विचार केला तर ही भीति मोठी विचित्र आहे. पॅकेजें बसवितांना मुलाच्या हातून फार तर काय बिघडेल? यंत्र पुसून पुन्हां बसवावें लागेल. कारागीर तर तेंच पहिल्या पावलीं करितो, आणि वर मजुरी घेतो. मुलांचें लेखन आधीं दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवलेलें असलें म्हणजे या सगळ्या व्यवहारांत गमावण्यासारखें कांहीं उरत नाहीं.

हा नुसता आमचा तर्क नव्हे. २००७ सालीं रायगड जिल्ह्यांत कर्जतजवळच्या एका धनगरवाड्यावर, एकशिक्षकी शाळेंत, मुलागणिक एक लॅपटॉप देण्याचा भारतांतील पहिला प्रयोग झाला. त्या यंत्रांत फेडोरा लिनक्सवर बांधलेली प्रणाली होती, आणि त्यांच्या कळफलकावर चालू प्रोग्रामाचें मूळ लेखन उघडून दाखविण्यासाठीं एक स्वतंत्र कळ योजिलेली होती. यंत्राचें पोट मुलानें पाहावें, हें तें यंत्र बनविणाऱ्यांनींच गृहीत धरलेलें होतें. केरळांत 'आयटी ॲट स्कूल' हा उपक्रम २००१ सालीं सुरू झाला. पुढें तेथील सरकारी शाळांचें संगणक-शिक्षण लिनक्सवर आणलें गेलें. आणि २०१८ पासून तेथील माध्यमिक शाळांत 'लिटल काइट्स' नांवाचीं विद्यार्थिमंडळें आहेत, त्यांत मुलांस यंत्रांची ओळख व देखभालहि शिकविली जाते. केरळचीं मुलें आमच्या मुलांहून निराळ्या मातीचीं नाहींत.

फॉरमॅट कधींच करूं नये असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्त्यांस साधारण पांच वर्षें नियमित देखभाल मिळते, १८.०४ या आवृत्तीची ती मुदत मे २०२३ मध्यें संपली. इतक्या जुन्या यंत्रावर एकेक पायरी चढत बसण्यापेक्षां लेखन उतरवून घेऊन नवी आवृत्ति कोऱ्या डिस्कवर बसविणें शहाणपणाचें. पण डिस्कच मरणाच्या दारीं असली, रोजनिशींत पुन्हां पुन्हां 'आय-ओ एरर' येऊं लागली, तर फॉरमॅटनें ती जगत नाहीं. तेथें आधीं लेखन वांचवावें आणि डिस्क बदलावी. या दोन प्रसंगांतील भेद रोजनिशी वाचल्यावांचून कळत नाहीं, म्हणून आमचा भर वाचण्यावर आहे.

तेव्हां आमची मागणी अशी. संगणकाच्या खोलींतील एक जुनें यंत्र केवळ बिघडविण्यास व दुरुस्त करण्यास मोकळें ठेवावें. इतर यंत्रांवर सर्व विद्यार्थ्यांचीं खातीं साधीं असावीं. व्यवस्थापकाचा पासवर्ड शिक्षकांजवळ आणि प्रत्येक सत्रांत निवडलेल्या नववीच्या दोन विद्यार्थ्यांजवळ असावा, व त्यांनीं तो शिक्षक हजर असतांच वापरावा. त्या दोघांत एक मुलगी असावी, हें आम्ही मुद्दाम लिहितों. यंत्राभोंवतीं मुलांचा घोळका जमला म्हणजे मुली मागच्या बांकावर राहतात हें आम्ही नित्य पाहतों, आणि घरीं मोबाइल बिघडला तर भाऊच तो उघडतो. दर शनिवारीं शाळा सुटण्यापूर्वीं सर्वांचें लेखन बाहेरच्या डिस्कवर उतरवावें. कारागिरास बोलावूं नये असें नव्हे, पण तो आल्यावर या दोघांनीं त्याच्याजवळ उभें राहावें, आणि यंत्र काय म्हणत होतें तें त्यास आधीं वाचून दाखवावें.

आणि एक वही असावी. तींत तारीख, यंत्राचा क्रमांक, पडद्यावर आलेली ओळ जशीच्या तशी, आपण काय केलें आणि त्याचें काय झालें, इतकेंच लिहावें. ओळ इंग्रजींत, बाकीचें मराठींत. ज्या दिवशीं उपाय लागू पडला नाहीं त्या दिवशींची नोंद विशेष काळजीनें करावी, कारण पुढच्या वर्षींच्या मुलांस तीच सर्वांत उपयोगीं पडेल. वही पहिल्या यंत्राच्या मेजास दोरीनें बांधून ठेवावी, म्हणजे ती कपाटांत जाणार नाहीं.